परत धू

आतड्याच्या तपासणीनंतर ज्योत्स्ना शुद्धीवर येत होती तेव्हा तिच्या कानावर पडलेलं पहिलं वाक्य तिच्याविषयीचंच होतं. "घाण होतं सगळं आत. पोट साफ करून आल्याच नाहीत या. परत करावं लागेल." आवाज तरुण होता, घाईतला होता आणि त्यात राग अजिबात नव्हता, जिन्यात कचरा पडलाय हे आपण जाता जाता ज्या सुरात सांगतो, त्या सुरात तो बोलला होता. तिच्या पापण्या अजून उघडत नव्हत्या, जीभ टाळूला चिकटली होती, पण कान पूर्ण जागे होते. तिचे कान नेहमीच आधी जागे होत. आजवरची सगळी नोकरी तिने जिल्हा न्यायालयात लघुलेखक म्हणून काढली होती. साक्षीदार रडत असो की धडधडीत खोटं बोलत असो, न्यायाधीश जे सांगतील ते शब्दाला शब्द उतरवायचं, आणि आपल्याला काय वाटलं ते टेबलाखाली ठेवायचं. त्या सवयीने हेही वाक्य तिच्या आत उतरलं, विरामचिन्हांसकट. हिरव्या पडद्यापलीकडे कुणीतरी खोकलं. म्हणजे पलीकडच्या खाटेवरच्यांनीही ऐकलं होतं. खाटेच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या साक्षीने, तिच्या मुलीने, तर ऐकलंच होतं, कारण वाक्य तिलाच सांगितलेलं होतं. ज्योत्स्नाने डोळे उघडले तेव्हा साक्षी चादरीकडे बघत होती.

घरी जाताना रिक्षा नाशिकच्या द्वारका चौकात अडकली. चहूकडून ट्रक, बसेस, हॉर्न. पोटात हवा भरलेली होती, ती कळ देत फिरत होती. अंगातलं झोपेचं औषध उतरत होतं आणि त्याच्या जागी काहीतरी गरम चढत होतं. साक्षीने तिचा हात हातात घेतला आणि अगदी हळू, जणू ड्रायव्हरला कळू नये म्हणून, विचारलं, "आई, तू ते सगळं प्यायलीस ना? नक्की?" ज्योत्स्नाने हात काढून घेतला. त्या तरुण डॉक्टरचं वाक्य तिला लागलं होतं, पण ते परक्याचं होतं. हा प्रश्न तिच्या स्वतःच्या पोटच्या पोरीचा होता. जिची वेणी तिने बारावीपर्यंत रोज स्वतः घातली, जिच्या गणवेशाची कॉलर ब्रशने घासून पांढरी ठेवली, ती मुलगी एका वाक्यात समोरच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती. "प्यायले," ती म्हणाली. "तू समोरच बसली होतीस." साक्षी म्हणाली, "तसं नाही गं, मी फक्त विचारलं." सिग्नल सुटला. रिक्षा घराकडे, उपनगर भागाच्या दिशेने धावू लागली आणि दोघीही आपापल्या बाजूच्या रस्त्याकडे बघत राहिल्या.

प्यायली होती ती. शेवटच्या घोटापर्यंत. आदल्या दिवशी सकाळपासून डाळीचं नुसतं पाणी आणि शहाळं, संध्याकाळी पोट साफ करायची पावडर पाण्यात कालवून, ग्लासामागून ग्लास. ती चव अजून घशात होती. खारट, गोडसर, लिंबाचा खोटा वास; समुद्राचं पाणी कुणीतरी सरबत म्हणून विकावं तशी. तिसऱ्या ग्लासाला उलटी आली तर तिने तोंडावर हात दाबून ती आत ढकलली, कारण बाहेर पडली असती तर औषध वाया गेलं असतं. मग संडासच्या फेऱ्या, पाय लटपटेपर्यंत. आणि प्रत्येक फेरीनंतर तिने फरशीवर पाणी टाकलं होतं, ब्रश मारला होता. एवढ्या अशक्तपणातही. साक्षी म्हणाली होती, राहू दे ना आई, उद्या करू. पण ज्योत्स्नाला ते जमत नव्हतं. तिच्या घरात नळाच्या तोटीवर डाग राहत नसे. ओट्यावर काही सांडलं तर ते पुसल्याशिवाय तिला पुढचा घास जात नसे. नातेवाईक कौतुक करत, तुझ्या घरात जमिनीवर जेवावं बाई. त्यांना वाटे हा स्वभाव आहे. तिलाही बरीच वर्षं तसंच वाटत होतं.

मनमाडला रेल्वेच्या चाळीत राहत असताना तिची एक मैत्रीण होती, स्टेशनपलीकडच्या आळीत. शाळा सुटली की चार-पाच मुली मैत्रिणीच्या घरी अभ्यासाला जात. सगळ्या चपला काढून, दारातल्या बादलीतलं पाणी पायांवर घेऊन आत पळत. ज्योत्स्नाही घेई. मैत्रिणीची आई, काकू, वाईट नव्हती. ती सगळ्यांना सारखाच चिवडा द्यायची, ज्योत्स्नाचं अक्षर चांगलं म्हणून आपल्या मुलीला तिची वही दाखवायची. फक्त दारात ती विचारायची, "पाय धुतलेस?" ज्योत्स्ना म्हणायची, "हो काकू." काकू तिच्या पायांकडे बघायची, ओले असायचे ते, पाणी टपकत असायचं, आणि म्हणायची, "परत धू." बाकीच्या मुलींना तिने असं कधी विचारलं नाही. ज्योत्स्ना पुन्हा बाहेर यायची, पुन्हा तांब्या घ्यायची, बोटांच्या बेचक्यात बोट घालून घासायची. तिला खरंच वाटायचं की काहीतरी राहत असेल. किती दिवस तिला असं खरंच वाटत होतं! या गोष्टीचा आता, अठ्ठावन्नाव्या वर्षी, उपनगरच्या आपल्या फ्लॅटमध्ये पलंगावर पडल्या पडल्या तिला इतका संताप आला की तिने उठून खिडकी उघडली. त्या काकूचा नाही. त्या लहान मुलीचा, जी निमूट तांब्या उचलत होती.

तिची आई, लंकाबाई, मनमाडच्या यार्डात गाड्यांचे डबे धुणाऱ्या टोळीत होती. मुंबईहून, दिल्लीहून आलेल्या गाड्या, हजारो माणसांनी घाण करून ठेवलेले संडास. त्यात लंकाबाई खराटा आणि फिनेलची बादली घेऊन शिरायची आणि दुसऱ्या टोकाने बाहेर पडायची. घरी येण्याआधी यार्डातल्या नळावर ती आंघोळ करायची, थंडीतसुद्धा, आणि ओल्या वेणीने, कपाळावर पाण्याचे थेंब घेऊन यायची. मग घरी येऊन आणखी एकदा. ज्योत्स्नाला आई म्हटलं की ओल्या केसांचा वास आठवतो, इतर कसलाच नाही. शेवटच्या वर्षी लंकाबाईचं पोट दुखायला लागलं. ती एका दवाखान्यात गेली. एकदाच. तिथल्या डॉक्टरने काय काम करता विचारलं, तिने सांगितलं, आणि त्याने खिशातून रुमाल काढून नाकाला लावला आणि मग पोट तपासलं. लंकाबाई घरी आली ती हसत. "मला काय बी झालं नाय," म्हणाली. "नुसता वात हाय." त्यानंतर तिला कुणीही, तिच्या नवऱ्यानेसुद्धा, दवाखान्याच्या पायरीपर्यंत नेऊ शकलं नाही. रुमालाची गोष्ट तिने फार उशिरा सांगितली, पोट फुगून ती उताणी झोपूही शकत नव्हती तेव्हा. आणि सांगतानाही ती रागावली नव्हती. "त्याचं बी बरोबर व्हतं," असं काहीतरी म्हणाली. ज्योत्स्ना तेव्हा कॉलेजात होती. तिला वाटलं होतं, आई किती मोठ्या मनाची आहे.

हॉस्पिटलातून फोन आला तो कोर्टाच्या मधल्या सुट्टीत. "मी आशा सिस्टर बोलतेय, एंडोस्कोपी विभागातून. तुमची तपासणी परत करायची आहे मॅडम, कधीची तारीख देऊ?" ज्योत्स्ना म्हणाली, "देऊ नका," आणि फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात पुन्हा आला, तोही तिने ठेवला. मधल्या काळात तिने स्वतःची समजूत घालून टाकली होती. नळी आत घातली, बघितलं, काही सापडलं नाही. काही असतं तर दिसलंच असतं की. साक्षीलाही ते पटल्यासारखं झालं होतं, किंवा आईशी वाद घालायची तिची छाती होत नव्हती. पण कोर्टाचा जिना चढताना ज्योत्स्नाला मध्ये थांबावं लागत होतं. कठड्याला हात लावून ती उभी राही, छातीत पाखरू अडकल्यासारखं फडफडे आणि वकील लोक बाजूने "नमस्कार मॅडम" म्हणत वर जात. तळहात पांढरेफटक पडले होते. रक्त कमी आहे हे आधीच कळलं होतं. ते का कमी आहे एवढं बघण्यासाठीच तर ही सगळी तपासणी होती.

तिसऱ्या वेळी तिने फोन ठेवला नाही. ठेवण्यापेक्षा बोलून टाकावं असं तिला वाटलं. "सिस्टर, मी घाणेरडी बाई नाहीये," ती म्हणाली. हे वाक्य बाहेर पडलं आणि ती स्वतःच दचकली, कारण तिला असं काहीच म्हणायचं नव्हतं. तिला विचारायचं होतं की सूचना कुणी दिल्या, कशा दिल्या, लेखी काय दिलं. पण बाहेर हेच आलं.

आशा सिस्टर म्हणाली, "कोण म्हणालं तसं?"

"तुमचे डॉक्टर. मी झोपेत आहे असं समजून. माझ्या मुलीसमोर, सगळ्या वॉर्डासमोर."

"मी तिथे नव्हते मॅडम. पण म्हणाले असतील. म्हणतात ते." ती सारवासारव करत नव्हती याचंच ज्योत्स्नाला नवल वाटलं. "मला एक सांगा, तुम्ही औषध कसं घेतलं? सगळं आदल्या संध्याकाळी?"

"काउंटरवर तसंच सांगितलं होतं."

"आणि तपासणी दुपारी होती. म्हणजे मध्ये केवढा वेळ गेला! अर्धं त्या दिवशी पहाटे घ्यायला हवं होतं. बरं, जायला कसं होत होतं? रंग?"

ज्योत्स्ना वकिलांच्या खोलीपासून लांब, व्हरांड्याच्या टोकाला गेली. "काळं. चिकट. शेवटपर्यंत."

"रक्तवाढीच्या गोळ्या चालू आहेत का? लोहाच्या?"

"तुमच्याच हॉस्पिटलात दिल्यात."

"त्या आठवडाभर आधी बंद करायच्या असतात," आशा सिस्टर म्हणाली. "त्या आतड्यात काळ्या डिंकासारख्या बसतात. कितीही पाणी प्या, निघत नाहीत. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"मग तुमची यात काहीच चूक नव्हती."

ज्योत्स्नाला वाटलं होतं, हे ऐकून आपल्याला बरं वाटेल. उलट डोक्याच्या शिरा तडतडायला लागल्या. म्हणजे गोळ्या त्यांनी दिल्या, बंद करायला त्यांनी सांगितलं नाही, औषध चुकीच्या वेळी त्यांनी प्यायला लावलं आणि घाण ती. घाण तिची. कोर्टात तिने अशी किती प्रकरणं उतरवून घेतली होती, ज्यांत शेवटी दोष त्याच माणसावर येतो ज्याला काही विचारलंच गेलेलं नसतं. "मग मी का येऊ?" ती म्हणाली, आणि आवाज एवढा चढला की बाकावर बसलेला एक पक्षकार वळून बघू लागला. "चूक तुमची, आणि पुन्हा ते खारट पाणी मी प्यायचं, पुन्हा उपाशी मी राहायचं, पुन्हा त्या टेबलावर कुशीवर मी झोपायचं? मला फोन करता तो मला आणायलाच ना?"

"हो, आणायलाच करते," आशा सिस्टर म्हणाली. तिचाही आवाज आता जरा तापला होता. "रोज करते. चौघांमागे एकाचं असं होतं मॅडम, आणि त्यातले कितीतरी लाजेने येतच नाहीत. तुमच्या शरीरातून कुठूनतरी रक्त जातंय. कुठून ते आम्ही बघितलेलं नाही. काही नाही असं नव्हे; बघितलेलंच नाही. तुम्ही आमच्यावर ओरडा, तक्रार करा, मी तुम्हाला अर्ज लिहून देते. पण या."

ज्योत्स्नाने हो म्हटलं नाही. त्या संध्याकाळी ती बाल्कनीत बसून राहिली. समोरच्या मैदानात मुलं क्रिकेट खेळत होती, खालच्या मजल्यावर कुणीतरी कांदा परतत होतं. साक्षी बँकेतून आली, बूट काढले, आणि आईच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. ज्योत्स्नाच्या मनात सारखी आई येत होती, यार्डातून ओल्या वेणीने येणारी नव्हे, तर दवाखान्यातून हसत आलेली. ते हसणं आज तिला वेगळंच दिसत होतं. ते मोठ्या मनाचं नव्हतं. लंकाबाईला राग आला होता, प्रचंड आला होता, पण तो त्या रुमालवाल्याकडे फेकायची मुभा तिला कुणी दिली नव्हती, म्हणून तिने तो गिळला आणि त्याच्यावर घराचं दार लावून घेतलं. आणि तो आत बसून राहिला. आपण फोन ठेवतो आहोत ते दुसरं काय आहे? आपणही दारच लावून घेतोय. फरक एवढाच की आपण चांगलं मराठी बोलतो. "साक्षी," ती म्हणाली, "आजीच्या पोटात गाठ असावी. हे मी त्या डॉक्टरांना सांगितलंच नाही. त्यांनी विचारलं घरात कुणाला काही होतं का, तर नाही म्हणाले. कारण कुणी नीट तपासलंच नव्हतं तिला. काय सांगणार?" साक्षीचे डोळे भरून आले. "मी रिक्षात तसं विचारायला नको होतं," ती म्हणाली. "नको होतंस," ज्योत्स्ना म्हणाली. तिने मुलीला लगेच माफ केलं नाही, पण तिचा हात हातात घेतला.

गोळ्या आठवडाभर बंद ठेवल्या. या वेळी आशा सिस्टरने सगळं फोनवर सांगितलं आणि ज्योत्स्नाकडून परत वदवून घेतलं. औषध अर्धं संध्याकाळी, अर्धं पहाटे. चव तीच, उमासा तोच. पण उजाडता उजाडता पोटातून निघालं ते निव्वळ पिवळसर पाणी. फरशीवर ब्रश मारायला ती वाकली आणि मग तशीच उठली. ब्रश जागेवर ठेवून दिला आणि जाऊन पलंगावर आडवी झाली.

तपासणीच्या खोलीबाहेर तो तरुण डॉक्टर भेटला. मोबाइलवर काहीतरी बघत उभा होता, साक्षीपेक्षा वयाने फार मोठा नसावा. ज्योत्स्ना हॉस्पिटलचा मागे बांधायचा झगा एका हाताने धरून त्याच्यासमोर उभी राहिली. छाती धडधडत होती, ती रक्त कमी असल्याने की कशाने, तिला सांगता आलं नसतं. "मागच्या वेळी तुम्ही माझ्या मुलीला म्हणालात, घाण होतं सगळं आत, पोट साफ करून आल्याच नाहीत या. मी जागी होते." तो गोंधळून बघत राहिला. त्याला आठवत नव्हतं. त्याने नाटक केलं असतं तर परवडलं असतं, पण त्याला खरंच आठवत नव्हतं. ते वाक्य त्याच्या तोंडून दिवसातून कितीदातरी पडत असणार. "मी... असं बोललो असेन मॅडम?" "बोललात. रक्तवाढीच्या गोळ्या तुमच्याकडून मिळाल्या होत्या. त्या बंद करायला तुम्ही सांगितलं नव्हतं. हे माझ्या मुलीला आता सांगा. मोठ्याने." व्हीलचेअरवरचे एक आजोबा, त्यांची सून, वॉर्डबॉय, सगळे बघत होते. त्याचे कान लाल झाले. तो साक्षीकडे वळला, घसा खाकरला आणि म्हणाला की चूक आमच्याकडून झाली होती, आईंची नव्हती. ज्योत्स्नाला वाटलं होतं, हे ऐकल्यावर आतलं काहीतरी सैल होईल. झालं नाही. एवढंसं वाक्य, आणि त्यासाठी अर्धनग्न उभं राहून मागावं लागलं.

जाग आली तेव्हा या वेळी मोठे डॉक्टर स्वतः उभे होते, खुशीत होते. "वा, पगारे मॅडम! या वेळी अगदी स्वच्छ. शाब्बास!" आणि ज्योत्स्नाच्या अंगावरून पुन्हा तीच गरम लाट गेली. तिला कळून चुकलं की हे मागच्या वेळच्या त्या वाक्याचंच भावंड आहे. काकूच्या दारातही एखाद्या दिवशी, परत धुवायला न लावता, "आज छान धुतलेस हं" असं ऐकू आलं असतं, तर ती किती हुरळून गेली असती! जीभ अजून जड होती. तिने शब्द जुळवले. "शाब्बासकी राहू द्या डॉक्टर. काय दिसलं ते सांगा."

डॉक्टरांचा चेहरा उतरला, मग गंभीर झाला, आणि त्यांनी खुर्ची ओढली. उजव्या बाजूला, मोठ्या आतड्याच्या अगदी सुरुवातीला, गाठ होती. मागच्या वेळी तो भाग दिसलाच नव्हता. तुकडा तपासायला पाठवला, तो कर्करोगाचा निघाला. पहिल्याच टप्प्यातला होता. महिन्याभरात आतड्याचा तेवढा भाग काढून टाकला. बाकी कुठे पसरलेलं नव्हतं, पुढच्या औषधांचीही गरज पडली नाही. आणखी वर्षभर गेलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले आणि वाक्य तिथेच सोडून दिलं. ते ज्योत्स्नाने मनात पूर्ण केलं. त्यात एक फुगलेलं पोट होतं आणि उताणं झोपता न येणारी बाई होती.

पावसाळा संपता संपता ती पुन्हा कामावर जाऊ लागली. जिना एका दमात चढता येत होता. एका दुपारी आशा सिस्टरचा फोन आला. "तुम्हाला एक विचारू? सायखेड्याचे एक शेतकरी आहेत, जयराम म्हणून. त्यांचंही तुमच्यासारखंच झालं. मी फोन केला की शिव्या देतात. त्यांचा मुलगा म्हणतो, पेशंटपैकी कुणीतरी बोला आमच्या बापाशी." ज्योत्स्ना म्हणाली, "तुमच्याकडे माणसं गोळा करून आणणं हे माझं काम नाही सिस्टर. आधी काउंटरवर नीट सांगायला लावा." "तेही चाललंय," सिस्टर म्हणाली. "भांडतेय मी." नंबर मात्र ज्योत्स्नाने घेतला. दोन दिवस तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी डबा खाऊन झाल्यावर, व्हरांड्याच्या त्याच टोकाला जाऊन लावला.

"हास्पिटलचं असंल तर ठिवा," पलीकडून आवाज आला. मागे पाण्याची मोटार चालू होती.

"हॉस्पिटलचं नाही. मी पेशंट आहे. ज्योत्स्ना पगारे, नाशिकहून."

"मंग मला कशाला केला?"

"तुम्हाला काय बोलले ते ऐकायला."

तो एकदम फुटला. "दोन दिस पान्यावर व्हतो मी. नुसत्या पान्यावर. अन् ती पोरगी मला म्हन्ती, काका, जेवून आले का? हसली वर. माझी सून उभी व्हती तिथं. लय वाईट वाटलं बाई. मी काय खोटं बोलनारा मानूस हाय का? नाय यायचं म्हनलं परत. मेलो तरी नाय."

"मलाही तसंच बोलले होते," ज्योत्स्ना म्हणाली. "त्याहून वाईट."

"अन् तुमी गेल्या परत?"

"गेले."

"का पन?"

"त्यांनी बोलावलं म्हणून नाही गेले. माझ्या पोटात गाठ होती. पहिल्या वेळी कुणाला दिसली नव्हती. ती काढली, म्हणून तुमच्याशी बोलतेय."

मोटारीचा आवाज येत राहिला. कोर्टाच्या आवारात कुणाचं तरी नाव तीनदा पुकारलं गेलं.

"मंग राग गेला का तुमचा?" त्याने विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "अजून आहे. तुम्हीही घेऊनच या."

त्याने मोटार बंद केली. मग म्हणाला, "त्या सिस्टरचा नंबर म्या काढून टाकलाय. सांगा."